पाण्याकडे पाठ करून बसणारे मास्तर

ज्या गृहस्थांविषयी मी हे लिहीत आहे, त्यांच्याविरुद्धचा तक्रार अर्ज मी लिहिला आहे आणि त्याच तक्रारीला त्यांच्या वतीने दिलेला खुलासाही मीच लिहिला आहे. दोन्ही कागदांवरचे अक्षर एकच, शाई एकच. तेव्हा त्यांच्याविषयी लिहिण्यास माझ्याइतका पात्र माणूस या पंचक्रोशीत दुसरा नसावा. असे असूनही ते गृहस्थ नेमके कसे होते, हे मला आजतागायत ठामपणे सांगता येत नाही. ज्याला सांगता येत नाही त्याने लेखणी उचलू नये, हा माझ्या व्यवसायाचा दंडक आहे. तो मी आज प्रथमच मोडीत आहे.

तळवड्याच्या अलीकडे, छोट्या कारखान्यांच्या शेडना लागून, एक जुनी कामगार वसाहत आहे. आम्ही तिच्या मागच्याच गल्लीत राहतो. वसाहतीला स्वतःचा जलतरण तलाव आहे आणि तो चालवणारी रहिवाशांची समिती आहे. दर उन्हाळ्यात ही समिती मुलांचा एक संघ उभा करते. बारा मुले, वय चौदाच्या आत, महिनाभर सराव आणि मेअखेरीस आसपासच्या वसाहतींच्या संघांशी शर्यती. या बारा जणांच्या निवडीचा सर्वाधिकार एकट्या मास्तरांना दिलेला होता. तो का दिला, हे पाहण्यासाठी मी समितीचा ठराव मागवून वाचला. त्यात कारण नमूद नव्हते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. चिखलीच्या जुन्या घरातला हा माणूस. उमेद सगळी कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात, खर्ची पडली आणि निवृत्तीनंतर ते तलावावर आले. डाव्या कानाने त्यांना जवळपास ऐकू येत नसे. "डावा कान कंपनीला दिला, उजवा पाण्यासाठी ठिवलाय," असे ते सांगत. लहानपणी पाठीला सुका भोपळा बांधून ज्या विहिरीत ते पोहायला शिकले, ती विहीर आता एका गोदामाच्या फरशीखाली आहे. त्या गोदामावरून जाताना ते सायकलवरून उतरून चालत जात. हल्ली गुडघ्यांमुळे ते मारुंजीला मुलीकडे असतात, असे ऐकतो.

त्यांची सर्वांत चमत्कारिक सवय म्हणजे ते पाण्याकडे पाठ करून बसत. तलावाच्या काठावर एक प्लास्टिकची खुर्ची, तिचे तोंड हिरव्या जाळीकडे, आणि जाळीपलीकडे आम्ही पालक. मुले पाण्यात आणि मास्तर आमच्याकडे पाहत बसलेले. पहिल्या दिवशी मला वाटले, गृहस्थ कोणाची तरी वाट पाहत आहेत. चौथ्या दिवशी मी विचारलेच.

"मास्तर, मुले मागे आहेत."

"व्हय की. ऐकतोय."

"पण पाहत नाही आहात."

"पाणी ऐकू येतं, राव. माणसं बघावी लागत्यात."

हे वाक्य मी वहीत टिपून घेतले. न कळलेले टिपून घेण्याची मला सवय नाही.

शिट्टी ते वापरीत नसत. त्यांच्या हातात सोळा-सतराचा पाना असे आणि तो ते तलावात उतरणाऱ्या लोखंडी शिडीवर वाजवीत. एक ठोका म्हणजे निघा. दोन ठोके म्हणजे जो दमला असेल त्याने काठ धरावा. तीन ठोके म्हणजे सर्वांनी बाहेर. "शिट्टी हवेत जाती, पाना पाण्यात जातो," हे त्यांचे म्हणणे होते, आणि पाण्याखालची मुले तो ठोका स्पष्ट ऐकत हेही खरे. समितीने त्यांना एक आधुनिक स्टॉपवॉच दिले होते. ते रुमालात गुंडाळून खिशात असे. समितीचे सचिव फेरी मारायला आले की मास्तर ते बाहेर काढीत, कानाला लावीत, मान डोलावीत आणि परत गुंडाळीत. त्या यंत्राला टिकटिक नव्हती. हे त्यांना ठाऊक होते की नव्हते, हाही मला न सुटलेला प्रश्न आहे.

माझ्या व्यवसायाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. माझे शिक्षण नववी उत्तीर्ण. दहावीचा निकाल माझ्या बाजूने लागला नाही. तथापि कचेरीबाहेर माझे अर्ज लिहिण्याचे टेबल गेली कित्येक वर्षे आहे आणि शिकलेली माणसे, इंजिनिअरसुद्धा, माझ्यापुढच्या बाकावर बसून आपली हकीकत सांगतात. दहा मिनिटांत मी माणसाची अडचण ओळखतो आणि पंधराव्या मिनिटाला ती कागदावर अशी उतरवतो की, तिची खरी तीव्रता खुद्द त्यालाच प्रथम समजते. बाया माझे मसुदे ऐकून रडलेल्या आहेत.

माझ्या एकुलत्या एका कन्येला त्या वर्षी संघात जायचे होते. वय अकरा. दोन उन्हाळे ती त्या तलावात पोहत होती आणि तिच्या वयाची एकही मुलगी तिच्या पुढे जात नसे. ती बोलकी नाही. पण पोहण्याचा चष्मा उशाखाली ठेवून झोपते हे तिच्या आईने मला सांगितले, तेव्हा तिच्या मनात काय आहे ते मला कळले. मी कचेरीबाहेरच्या सर्व मंडळींना, चहावाल्यासह, मुलगी संघात गेल्याचे निवडीपूर्वीच सांगून टाकले.

आणि रिवाजाप्रमाणे अर्ज केला. निवडीसाठी अर्ज कोणी मागितला नव्हता, हे मला मान्य आहे. परंतु अर्जावाचून काही मागणे म्हणजे भीक, अशी माझी धारणा आहे. तीन पाने मजकूर, सोबत जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि शिधापत्रिकेची प्रत. मजकुरात मी कुटुंबाची परिस्थिती, माझी समाजसेवा आणि वसाहतीच्या नावलौकिकास होणारा संभाव्य लाभ क्रमवार मांडला होता. मास्तरांनी तो अर्ज खुर्चीवर बसून, ओठ हलवीत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. वीस मिनिटे लागली. मग तो घडी करून माझ्या हातात परत दिला.

"लई झ्याक लिवलंय, अर्जवाले. पर ह्यात पोरगी कुटं हाय?"

"दुसऱ्या परिच्छेदात, मास्तर. 'सदर कन्या' म्हणून."

"आसं व्हय," ते म्हणाले आणि शेंगदाणे खाऊ लागले.

निवड चार दिवस चालली आणि त्या चार दिवसांत मी त्यांचे निकष शोधण्याचा कसून प्रयत्न केला. पहिल्या दिवशी त्यांनी मुलांना पाण्यात उतरूच दिले नाही. तीस मुलांना ओळीने उभे करून एकेकाला विचारले, घरात सर्वांत मोठ्याने कोण बोलते? दुसऱ्या दिवशी पालकांना विचारले, गावाला कधी जाणार? या प्रश्नाचे महत्त्व मात्र मला समजले. आमच्या भागातली निम्मी वस्ती मे महिन्यात परभणी, लातूर, बीडकडे लग्नाला जाते आणि संघ अर्ध्यावर येतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना काठावर बसवून गूळ-शेंगदाणे दिले आणि कोण कोणाला देतो ते पाहिले, असे मला वाटले. मी तशी नोंद केली. नंतर कळले की ते त्या वेळी डोळे मिटून बसले होते.

चौथ्या दिवशी शर्यत. तलावाच्या चार लांब्या. एक ठोका पडला आणि मुले निघाली. मास्तर नेहमीप्रमाणे आमच्याकडे तोंड करून. माझी कन्या दुसऱ्या लांबीत सर्वांच्या पुढे होती. तिसरी लांबी सुरू झाली आणि मास्तरांनी हात मागे नेऊन शिडीवर दोन ठोके मारले. काही मुलांनी काठ धरला. मला त्यांची कीव आली, कारण ती बाद झाली हे उघड होते. माझ्या कन्येने काठापाशी मान वर केली, जाळीकडे पाहिले आणि ती पुन्हा निघाली. मास्तरांनी पुन्हा दोन ठोके मारले. ती थांबली नाही. चौथी लांबी पुरी करून तिने भिंतीला हात लावला तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा मुलगा अजून निम्म्यात होता. मी टाळ्या वाजवल्या. इतरही पालकांनी वाजवल्या.

संध्याकाळी फलकावर बारा नावे लागली. त्यांत तिचे नाव नव्हते. काठ धरून थांबलेल्यांपैकी सहा-सात जणांची नावे होती.

मी यादी तीनदा वाचली. उलट्या बाजूने पाहिली. तेथे जुनी नोटीस होती. घरी आल्यावर कन्येला म्हणालो, "काही काळजी करू नकोस, मी पाहतो." ती म्हणाली, "काही नाही पप्पा. बरं झालं. मला तसंही नको होतं." मग तिने आपला पोहण्याचा पोशाख धुतला, पिळला आणि दोरीवर घातला. चष्मा तिने कपाटात वरच्या कप्प्यात ठेवला, जेथे तिचा हात पोहोचत नाही. त्यासाठी ती स्टूलवर चढली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलासमोर पाच पालक हजर. पुढे गॅरेजवाले भाई, ज्यांचा मुलगा त्या ठोक्यांबरोबर काठ धरून थांबला होता.

"राव, मला एक गोष्ट समजावा," भाई बाकावर बसता बसता म्हणाले. "माझ्या पोरानं मास्तरचं ऐकलं, थांबला. तो बाहेर. तुमच्या पोरीनं ऐकलं नाही, थांबली नाही. ती पण बाहेर. मग आत कोण गेलं? भूत?"

"हेच आपण विचारू," मी म्हणालो.

"विचारू नका, झाडा! असं लिहा की समितीची झोप उडाली पाहिजे."

मी लिहिले. त्या तक्रारीतली एक ओळ मला आजही पाठ आहे: 'ज्या इसमाच्या हाती आमच्या मुलांचे प्राण आहेत, तो इसम पाण्याकडे पाठ करून बसतो, हे सांगताना लेखणी थरथरते.' लेखणी थरथरली नव्हती. तलावात दोन जीवरक्षक सदैव हजर असत आणि त्यांचे डोळे मुलांवरच असत, ही बाब मी नमूद केली नाही. तक्रारीत प्रतिपक्षाची बाजू लिहीत नसतात. पाचही जणांनी सह्या केल्या. अर्जलेखक म्हणून मी सही करीत नाही.

समितीने मास्तरांना नोटीस दिली. निवडीचे कारण लेखी कळवावे, अन्यथा त्यांना तलावावरून कमी करून घड्याळाच्या आधारे नवी निवड करण्यात येईल. घड्याळाच्या आधारे निवड म्हणजे माझी कन्या पहिली. मी चहावाल्याला कळवले.

त्यानंतर दोनच दिवसांनी मास्तर कचेरीबाहेर आले. सायकल झाडाला टेकवली, बाकावर बसले आणि नोटीस माझ्यापुढे ठेवली. सोबत तक्रारीची प्रतही होती.

"हे लिवणारा माणूस हुशार हाय," ते म्हणाले. "त्याच्याकडनंच उत्तर लिवून घ्यावं म्हणलं."

मी घसा साफ केला. "मास्तर, तुम्ही दुसऱ्या कोणाकडे गेलात तर अधिक..."

"दुसऱ्याला इतकं कुटं येतंय?"

माझ्यासमोर दोन मार्ग होते. उत्तर गचाळ लिहिले तर मास्तर जातात आणि मुलगी संघात येते. नीट लिहिले तर मास्तर राहतात आणि मुलगी घरी बसते. असा पेच माझ्या टेबलावर यापूर्वी कधी आला नव्हता, कारण माझ्याकडे येणाऱ्या कागदात माझे स्वतःचे काही कधी नसते. मी कोरा कागद घेतला, समास सोडला आणि विचारले, "निवडीचा निकष?"

"म्हंजी?"

"कशावरून निवडलेत?"

"दम लागला की कोण कसं वागतं, त्याच्यावरनं."

"म्हणजे थांबले ते निवडले?"

"न्हाई. थांबल्याली बी चार-पाच काढली की."

"का?"

"ती उगा थांबली. दमली नव्हती. गॅरेजवाल्याचं पोरगं बघा, त्याचा हात झकास चालला हुता. पाना वाजला म्हणून थांबलं. ज्याला आपला दम कळत न्हाई, दुसऱ्याचा पाना कळतो, त्याचा काय उपेग?"

"आणि जी न थांबता गेली?"

"चौघं-पाच जणं. त्यांच्यात दम हुता, ती गेली. ती घेतली."

मी लेखणी खाली ठेवली. "मग माझी मुलगी?"

मास्तरांनी नोटिशीची घडी केली. मग म्हणाले, "दुसऱ्या फेरीलाच तिचा हात पाण्यावर पडाय लागला, राव. फट्, फट्. मला पाठीमागनं ऐकू येत हुतं. दोनदा पाना वाजिवला, तो तिच्यासाठीच. काठापाशी तिचा आवाज थांबला, तिनं तुमच्याकडं बघितलं ते तुमच्या तोंडावर दिसलं, आन ती परत गेली. तुमची मूठ अशी आवळल्याली. मी समोरच बसलो हुतो."

"पण ती पहिली आली."

"आली. आन बाहेर निघाल्यावर तिचे व्हट निळे हुते. मी इचारलं, दमलीस का गं? म्हणली, न्हाई. हे लिवा. पोरगी जोरकस हाय, पर दमल्याली सांगत न्हाई. पाण्यात आसं माणूस मला नगं. एखाद दिवशी ती न सांगताच खाली जाईल आन जाळीपाशी आपण टाळ्या वाजवत बसू."

मी ते लिहिले. 'सदर मुलीची क्षमता निर्विवाद असूनही, स्वतःचा थकवा प्रकट न करण्याची तिची वृत्ती पाण्यात जीवघेणी ठरू शकते, सबब तिच्याच हितार्थ तिची निवड स्थगित ठेवणे भाग पडले.' वाक्य चांगले झाले. ते चांगले झाल्याचे मला लिहितानाच कळले आणि तरीही मी ते खोडले नाही. यामागे माझा प्रामाणिकपणा होता, की वाईट मसुदा माझ्या हातून निघतच नाही एवढेच कारण होते, हे मी स्वतःशी अनेकदा तपासले आहे. निर्णय झालेला नाही.

समितीच्या बैठकीत खुलासा वाचला गेला. सचिवांनी भाषेचे विशेष कौतुक केले, असे ऐकले. मास्तर कायम झाले.

गॅरेजवाले भाई टेबलाशी येऊन उभेच राहिले. "वा राव! तक्रार तुमची, खुलासा पण तुमचा! एकाच गाडीचं पंक्चर पण तुम्हीच करणार आणि काढणार पण तुम्हीच?"

"जो बाकावर बसेल त्याचे लिहावे लागते, भाई."

"आणि घरी पोरगी बसली, तिचं कोण लिहिणार?"

मी त्यांना चहा सांगितला. त्यांनी तो घेतला, पण बसले नाहीत.

मेच्या पहिल्या आठवड्यात संघातला एक मुलगा मामाच्या लग्नासाठी लातूरकडे गेला. महिनाभर येणार नाही, असे त्याच्या आईने कळवले. एक जागा रिकामी झाली. मास्तरांनी निरोप धाडला, पोरीला घेऊन या.

मी तिला रस्त्यात काहीच सांगितले नाही, हे शपथेवर सांगतो. दम लागला तर थांबायचे आहे, हे मी सांगितले असते तर ती थांबलीच असती आणि मग परीक्षेला अर्थ राहिला नसता. मात्र खुलाशाचा कच्चा मसुदा घरीच टेबलाच्या खणात होता आणि ती चांगले वाचते. तिने तो वाचला होता की नाही, हे मी विचारले नाही.

तलाव त्या वेळी मोकळा होता. मास्तर तिला म्हणाले, "जा. वाटेल तवर जा. दमलीस की हात वर कर." आणि खुर्ची माझ्यासमोर ओढून माझ्याकडे तोंड करून बसले. मी मुठी उघड्या ठेवल्या. उघड्या ठेवलेल्या हातांचे काय करावे हे न कळल्याने ते मागे बांधले.

ती गेली. एक लांबी, दोन, तीन. मी ऐकण्याचा प्रयत्न केला. मला नुसते पाणी ऐकू आले. चौथ्या लांबीत, ऐन मध्यावर, तिने हात वर केला. जीवरक्षकाने तिला काठाशी आणले. ती काठ धरून उभी राहिली, चष्मा कपाळावर, आमच्याकडे पाहत.

मास्तर वळले नाहीत. पुढे वाकून, हळू आवाजात मला म्हणाले, "हात वर केला न्हवं तिनं?"

"होय."

"मला आवाजावरनं नीट कळलं न्हाई, राव. खरंच दमली, का हात वर करायचा असतो म्हणून केला? तुमी सांगा. तुमची हाय."

मी तिच्याकडे पाहिले. छाती वरखाली होत होती. पण पोहल्यावर ती तशी कोणाचीही होते. ओठांचा रंग मला एवढ्या अंतरावरून दिसेना. अनोळखी माणूस बाकावर बसला की दहा मिनिटांत त्याचे दुःख मी सांगू शकतो. येथे हाताशी अकरा वर्षे होती.

"माहीत नाही," मी म्हणालो.

मास्तरांनी मान हलवली. माझे तोंड त्यांनी, तो तीन पानी अर्ज वाचला होता तसे, शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. मग उठून तिला म्हणाले, "उद्यापासनं सहाला ये." आणि माझ्याकडे वळून, "पाठवा. आणू नका, पाठवा."

ती तिच्या वर केलेल्या हातामुळे निवडली गेली की माझ्या उत्तरामुळे, हे मी त्यांना पुढे दोनदा विचारले. एकदा त्यांनी शेंगदाणे पुढे केले. एकदा डावा कान.

उरलेला मे महिना ती सायकलने एकटी गेली आणि एकटी आली. शर्यतींच्या दिवशीही मी गेलो नाही. दुपारी ती परत आली, तिसरा क्रमांक आल्याचे तिने आईला सांगितले आणि जेवायला बसली. मी समोर बसलो होतो. पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवून विचारले, "दमलीस का?"

ती घास चावता चावता थांबली. माझ्याकडे पाहिले, ताटाकडे पाहिले.

"थोडी," ती म्हणाली.

थोडी म्हणजे किती, हे विचारण्यासाठी मी तोंड उघडले होते. पण तिने भाकरीचा आणखी एक तुकडा मागितला, आणि मी तो वाढला.